मतदान यंत्र, ओटीपी आणि नमुना १७-सी : निवडणुकीची सायबर सुरक्षितता नेमकी कुठे तपासायची?

मोहोरबंद (मुलुंड)

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. यंत्रांतील मतांची बेरीज झाली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, आणि टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. त्यानंतर बारा दिवसांनी एका इंग्रजी दैनिकात बातमी आली, की गोरेगावच्या नेस्को मतमोजणी केंद्रात मोबाईलवर आलेल्या ओटीपीने मतदान यंत्र उघडले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की मतदान यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते आणि ते उघडायला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो आकडेवारी भरण्याच्या संगणकप्रणालीत प्रवेश करण्यासाठी. पुढे त्या दैनिकाने चूक मान्य करून माफी मागितली. मतमोजणी केंद्रात मोबाईल वापरल्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा मात्र नोंदला गेलाच.

या प्रकरणाला बराच काळ लोटला आहे, तरी आमच्या सोसायटीच्या आवारात, लोकलमध्ये आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत "मुंबईत ओटीपीने यंत्र उघडले होते" हे वाक्य मी आजही ऐकतो. ज्यांना ते वाक्य खोटे वाटते ते "यंत्र सुरक्षित आहे" एवढे म्हणून थांबतात, आणि ज्यांना ते खरे वाटते त्यांचा सगळ्याच प्रक्रियेवरचा विश्वास उडतो. हा धागा मी उघडतो आहे तो या दोन टोकांमधल्या जागेबद्दल सविस्तर बोलण्यासाठी.

माझी ओळख एवढीच, की मी एका बँकेत संगणकप्रणालींच्या लेखापरीक्षणाचे काम करून निवृत्त झालो आणि नोकरीच्या काळात पाच वेळा निवडणुकीच्या कामावर गेलो, त्यांपैकी दोनदा मतदान केंद्राध्यक्ष म्हणून. लेखापरीक्षक एखाद्या प्रणालीकडे पाहताना पहिला प्रश्न असा विचारतो, की बाहेरची माहिती या प्रणालीत कुठून शिरते आणि आतली माहिती कुठून बाहेर पडते. तिजोरी कितीही भक्कम असो, पैसे तिजोरीपर्यंत नेणारा आणि तिथून आणणारा रस्ता आधी पाहावा लागतो.

हाच प्रश्न निवडणुकीला लावून पाहावा. मतदान केंद्रावर जे यंत्र येते त्याचे तीन भाग असतात : मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, केंद्राध्यक्षांच्या बाजूला असलेले कंट्रोल युनिट आणि मत कोणाला गेले याची कागदी चिठ्ठी सात सेकंद दाखवणारे व्हीव्हीपॅट. हे तिन्ही भाग केबलने एकमेकांना जोडलेले असतात, बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात आणि मग कोणत्या केंद्रावर जाईल हे दोन टप्प्यांच्या सरमिसळीने ठरते. मतदानाच्या सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान होते, चिठ्ठ्या मोजून ताळा घेतला जातो, नंतर यंत्रातील ती मते पुसली जातात आणि यंत्र मोहोरबंद होते. हे सगळे मी स्वतःच्या हातांनी केले आहे. पहाटे पाच वाजता शाळेच्या वर्गात, ट्यूबलाइटच्या उजेडात, झोप न झालेल्या सहकाऱ्यांबरोबर हिरव्या कागदी मोहोरेवरचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवताना आपण काय करतो आहोत याची जाणीव फार तीव्र असते.

म्हणून घरी बसलेला कोणी या यंत्रात दुरून शिरेल हे मला पटत नाही. परंतु यंत्राच्या आधी मतदार यादी असते आणि यंत्राच्या नंतर निकालाची संगणकप्रणाली असते, आणि ही दोन्ही इंटरनेटला जोडलेली असतात. अधिकाऱ्यांचे मोबाईल, पासवर्ड, ईमेल हे सगळे त्याच बाजूला येते. सायबर हल्ल्याचा विचार करायचा तर तो तिथून सुरू व्हायला हवा असे माझे म्हणणे आहे. जाणकारांनी यात भर घालावी आणि मी चुकत असेन तर पुराव्यासह दुरुस्त करावे, ही विनंती.

गिरगावकर

मोहोरबंद, तुम्ही प्रत्यक्ष काम केले आहे, त्यामुळे तुमच्या शब्दाला वजन आहे. तरीही मुंबईतल्याच एका घटनेची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. २०१० साली हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगरैप यांनी एका खऱ्या भारतीय मतदान यंत्रावर प्रयोग करून दाखवले होते. मूळ निकाल-पटलाच्या जागी हुबेहूब दिसणारे दुसरे पटल बसवले, आणि मोबाईलवरून ब्लूटूथने आज्ञा देऊन ते पटल खोटे आकडे दाखवू लागले. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी स्मृतीच्या चिपला एक छोटे साधन चिमट्यासारखे लावून साठवलेली मते बदलून दाखवली. ते यंत्र मुंबईच्या ओल्ड कस्टम हाऊसमधल्या साठ्यातून गेलेले होते, आणि त्याच्या चोरीच्या प्रकरणात हरी प्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये हैदराबादहून अटक करून मुंबईला आणले गेले. म्हणजे आपल्या फोर्टमधल्या एका सरकारी इमारतीतून यंत्र बाहेर गेले आणि त्याचा पत्ता प्रयोग जाहीर झाल्यावरच लागला.

माझा आक्षेप तंत्राहूनही तत्त्वाचा आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली, ती यंत्रांत घोटाळा सापडला म्हणून नव्हे. मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाने म्हटले. माझे वडील खेतवाडीतल्या मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून बसत असत. मतपत्रिकांचे गठ्ठे डोळ्यांसमोर सुटायचे आणि शिक्का कुठे आहे ते त्यांना स्वतः दिसायचे. तो अधिकार आपण सोडून दिला आणि त्याच्या बदल्यात आपल्याला तज्ज्ञांचा शब्द मिळाला.

कुलूपकिल्ली (वांद्रे-कुर्ला संकुल)

मी एका वित्तसंस्थेच्या सायबर सुरक्षा विभागात काम करतो. गिरगावकर यांनी सांगितलेला प्रयोग खरा आहे आणि तो मी अभ्यासलेला आहे. त्यातून निघणारा धडा असा, की ज्याच्या हाती यंत्र काही काळ एकांतात असेल त्याला ते बदलता येते. म्हणून साठ्याच्या नोंदी, मोहोरा, सुरक्षा कक्षावरचा पहारा आणि सरमिसळ यांना महत्त्व आहे. यंत्र उघडण्याचा प्रयत्न झाल्यास ते निकामी होते अशी सोय पुढच्या पिढीत केल्याचे आयोग सांगतो, आणि २०१० च्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नव्हते हाही महत्त्वाचा फरक आहे.

ओटीपीच्या गोंधळात एक शब्दसाम्यही आहे, त्याची नोंद करतो. यंत्रातील चिपच्या वर्णनात "ओटीपी" हे आद्याक्षर पूर्वीपासून येत आले आहे; तिथे त्याचा अर्थ "वन टाइम प्रोग्रॅमेबल", म्हणजे आज्ञावली एकदाच लिहिता येणारी चिप, असा होतो. मोबाईलवर येणारा ओटीपी वेगळा. दोन अक्षरसंचांच्या या सारखेपणामुळे चांगले शिकलेले लोकही फसलेले मी पाहिले आहेत.

मोहोरबंद यांच्या मांडणीत मी एका जागेची भर घालतो. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते हे बरोबर आहे, परंतु उमेदवारांची यादी अंतिम झाल्यावर नावे आणि चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये भरावी लागतात, आणि ती संगणकावर तयार करून चिन्ह भरणाऱ्या एका साधनाद्वारे आत जातात. बाहेरची फाइल बंद यंत्रात शिरते ती याच क्षणी. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात नेमके या साधनांकडे लक्ष दिले आणि १ मे २०२४ पासून ती मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला. उमेदवारांचे प्रतिनिधी या प्रक्रियेला हजर राहू शकतात, पण किती जण राहतात? माझ्या माहितीतल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना त्या दिवशी आपल्याला तिथे बसता येते हेच ठाऊक नव्हते.

निकालाच्या बाजूबद्दल युक्रेनचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. मे २०१४ मध्ये तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काही दिवस आधी केंद्रीय निवडणूक आयोगाचे जाळे हल्लेखोरांनी मोडले. ते कसेबसे उभे केले गेले. निकाल जाहीर होण्याच्या थोडा वेळ आधी असे आढळले, की आयोगाच्या संकेतस्थळावर खोटा निकाल झळकवणारी व्यवस्था आत पेरलेली आहे. ती काढली गेली, तरी रशियाच्या दूरचित्रवाणीने तोच खोटा आलेख प्रसारित केला, ज्यात एक टक्काही मते न मिळालेला उमेदवार आघाडीवर दाखवला होता. एकही मतपत्रिका बदलली गेली नव्हती. मोजणी कागदावर झाली होती आणि खरा निकाल तिथूनच सिद्ध करता आला. हल्लेखोरांना मते बदलायची गरजच नव्हती. त्यांना तासभर गोंधळ हवा होता.

आपल्याकडे फेरीनिहाय आकडे संगणकप्रणालीत भरले जातात आणि आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतात, दूरचित्रवाहिन्या आणि आपण सगळे तेच पाहतो. कायदेशीर निकाल मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या सहीच्या कागदांवर ठरतो. संकेतस्थळ काही काळ बंद पडले किंवा एखादा आकडा चुकीचा चढला, तर त्या अर्ध्या तासात रस्त्यावर काय होऊ शकते याचा विचार पोलीस आणि प्रशासन यांनी आधीच करून ठेवायला हवा.

पाटीपेन्सिल (विक्रोळी)

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातली मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम करते. वर्गावर शिकवून दुपारी दारोदार जायचे, असा तो दिनक्रम असतो. तुम्ही सर्व जण यंत्राबद्दल बोलत आहात, मला यादीबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या अनुभवात लोकांचे मत हुकते ते बहुतेक वेळा यादीमुळे.

नवीन नाव घालायला नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७, पत्ता किंवा तपशील बदलायला नमुना ८. हे तिन्ही अर्ज आता मोबाईलवरून करता येतात, आणि त्याचा सामान्य माणसाला फार उपयोग झाला आहे. कामावरची सुट्टी घेऊन कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. पण त्याच सोयीतून धोका आला. कर्नाटकातील आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले होते. पडताळणीत त्यांतले फक्त २४ योग्य निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज केले होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एका महिला बीएलओला स्वतःच्याच नातेवाइकाचे नाव वगळण्याचा अर्ज दिसला आणि त्यातून हा प्रकार उघडकीला आला, असे वाचल्यावर मी माझ्या सगळ्या प्रलंबित अर्जांची यादी पुन्हा काढून बसले होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात याच्या उलट झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन नावांचे सहा हजारांहून अधिक अर्ज पडताळणीत फेटाळावे लागले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेली ई-स्वाक्षरी लागू केली, त्याआधी मोबाईल क्रमांक आणि ओटीपी एवढ्यावर काम होत असे.

दोन्ही ठिकाणी संगणकाने हे पकडले नाही, घरी जाऊन विचारणाऱ्या माणसाने पकडले. म्हणून घरभेटीची पडताळणी कागदावर उरकली जाऊ नये, आणि ती करणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा, असे मला कळकळीने वाटते. मुंबईत हे काम फार अवघड आहे. चाळ पाडून टॉवर उभा राहतो, संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे आठ-दहा वर्षे तिथेच असतात, भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो. दाराला कुलूप दिसले म्हणून "स्थलांतरित" असा शेरा मारणे फार सोपे असते, आणि तो शेरा चुकला तर एका माणसाचे मत जाते. माझ्या यादी भागात एका आजीबाईंच्या बाबतीत असे होता होता राहिले. त्या दोन महिने मुलीकडे कळव्याला होत्या. शेजारणीने वेळेवर सांगितले नसते तर मीही तो शेरा मारला असता, आणि ती चूक माझी असती.

आणखी एक सांगते. "तुमचे नाव मतदार यादीतून वगळले जात आहे, पुढील अ‍ॅप उतरवून माहिती भरा" असा संदेश आमच्या वस्तीतल्या एका भाजीवाल्या काकांना आला होता. त्यांनी मला विचारले म्हणून बचावले. कोणताही बीएलओ अ‍ॅपची फाइल पाठवत नाही आणि ओटीपी मागत नाही. नाव तपासायचे तर आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर तपासावे, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

कुलूपकिल्ली (वांद्रे-कुर्ला संकुल)

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या प्रतिसादाला जोडून ब्रिटनचे उदाहरण देतो. तिथल्या निवडणूक आयोगाच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर ऑगस्ट २०२१ मध्ये शिरले, ते ऑक्टोबर २०२२ मध्ये लक्षात आले आणि लोकांना ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले गेले. सुमारे चार कोटी मतदारांची नावे-पत्ते त्यांच्या आवाक्यात आले होते. सर्व्हरवरच्या सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर बसवल्या नव्हत्या, पासवर्ड कच्चे होते. म्हणजे आमच्या व्यवसायात पहिल्या वर्षी शिकवतात त्याच चुका. आपल्याकडे सायबर घटना घडल्यावर सहा तासांत सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेला कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. यंत्रणेला कळवणे आणि मतदारांना कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठीही तितकीच स्पष्ट मुदत असायला हवी.

सायन_कोळीवाडा

महापालिकेच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट का नसते? लोकसभेला चिठ्ठी दिसते आणि प्रभागाला दिसत नाही, हे मला समजले नाही.

कलम_एकसष्ट (उच्च न्यायालय परिसर)

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे असतात. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ही घटनेनेच निर्माण केलेली स्वतंत्र संस्था आहे, तिचे कायदे आणि नियम वेगळे आहेत. मुंबईतल्या २२७ प्रभागांसाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडून वापरली जाते, मात्र महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरले जात नाही. माझ्या मते ही उणीव आहे. प्रभागात काही शे मतांनीही निकाल फिरतो, आणि नेमक्या तिथेच ताळा घ्यायला कागद उपलब्ध नसतो.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो या चर्चेला उपयोगी आहे. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली. कायद्यात तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तिथले यंत्रांवरचे मतदान रद्द ठरवले. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ आले. कागदी ताळ्याची गरज न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केली आणि त्याच वर्षी नागालँडमधील नोकसेनच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरले गेले. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजणे बंधनकारक झाले. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी नाकारली गेली, परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी मागता येते. आणि एक नियम लोकांना फारसा ठाऊक नसतो : चिठ्ठ्यांची मोजणी आणि यंत्राचा आकडा यांत तफावत निघाली तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. कागद यंत्राहून वरचा आहे, हे नियमातच लिहिलेले आहे.

मोहोरबंद (मुलुंड)

कलम_एकसष्ट, मनापासून आभार. पाच केंद्रांच्या या नियमावर मी काल रात्री आकडेमोड केली, ती इथे मांडतो. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे, म्हणजे ३० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. हिशेबापुरते धरून चालू की मतदारसंघात एकूण १,८०० केंद्रे आहेत. त्यांतील दहा टक्के, म्हणजे १८० यंत्रांत गडबड असेल, तर यदृच्छेने निवडलेल्या ३० मध्ये किमान एक सदोष यंत्र सापडण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के येते. ही चांगली शक्यता आहे. मोठ्या प्रमाणावरचा घोटाळा या चाळणीतून सहसा निसटणार नाही. गडबड एक टक्का यंत्रांत असेल तर शक्यता २६ टक्क्यांवर येते, आणि तीनच यंत्रांत असेल तर शंभरात पाच एवढीच उरते.

ज्या मतदारसंघात लाखभर मतांचे अंतर आहे तिथे तीन यंत्रांनी काहीच बदलत नाही. ज्या मतदारसंघात ४८ मतांचे अंतर आहे तिथे तीन यंत्रे पुरेशी आहेत. उत्तर-पश्चिम मुंबईत असे काही घडले असे मी मुळीच म्हणत नाही, तसा कोणताही पुरावा माझ्यापुढे नाही. माझे म्हणणे नियमाबद्दल आहे : दोन्ही ठिकाणी पाचच केंद्रे मोजण्याऐवजी अंतर जितके कमी तितकी मोजणी जास्त असायला हवी. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून राज्यभर अशी पद्धत लागू आहे. तिथे विजयाच्या अंतरावरून नमुन्याचा आकार ठरतो आणि खात्री पटेपर्यंत कागद मोजत राहतात. बँकेतही आम्ही सगळ्या खात्यांना एकच नमुना लावत नव्हतो. जोखीम मोठी असेल तिथे प्रत्येक व्हाउचर पाहत होतो.

गिरगावकर

हा हिशेब मला पटला, आणि अंतरानुसार मोजणी वाढवण्याची मागणी मी मतपत्रिकांचा समर्थक असूनही मान्य करतो. माझा मूळ आग्रह कायम आहे, परंतु उद्याच्या निवडणुकीत मतपत्रिका येणार नाहीत हेही मला दिसते. जो कागद आज यंत्राच्या पेटीत पडून आहे तो अधिक प्रमाणात मोजला जावा, यासाठी सर्व पक्षांनी एकत्र यायला हवे.

माहीमची_खाडी

यंत्र आणि यादी यांच्याइतकाच मतदाराच्या कानावर होणारा हल्ला गंभीर आहे. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या, आणि तथ्यपडताळणी करणाऱ्यांना त्यांतल्या काही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आढळल्या. तोपर्यंत मतदान सुरू झालेले होते. २०२३ मध्ये स्लोव्हाकियात असेच झाले होते. मतदानाला दोन दिवस उरले असताना, प्रचारबंदीच्या काळात, बनावट संभाषण आले आणि ज्याच्यावर आरोप होता त्याला उत्तर द्यायला व्यासपीठच उरले नाही. अशी सामग्री लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढावी, असे आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावले आहे. पण शेवटच्या रात्री तीन तास हा फार मोठा काळ असतो.

प्रतिनिधी_घाटकोपर

मी एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून तीनदा बसलो आहे. पक्षाचे नाव सांगत नाही, कारण इथे ते महत्त्वाचे नाही. इथली सगळी चर्चा वाचून माझ्यासारख्याने प्रत्यक्षात काय करावे हे कळत नाही. सकाळी अभिरूप मतदानाला आम्ही असतो, दुपारी डबा येतो, संध्याकाळी सहा वाजता थकून कधी एकदा घरी जातो असे होते. नमुना १७-सी वर, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदावर, सही करून प्रत घेतो आणि ती शाखेत देतो. त्या कागदाचे पुढे काय होते हे मला कधीच कुणी सांगितले नाही, आणि एकदा तर तो माझ्या खिशातच राहून धुण्यात गेला. तो कागद इतका महत्त्वाचा आहे का?

मोहोरबंद (मुलुंड)

तो कागद या संपूर्ण धाग्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष "क्लोज" बटण दाबतात, त्यानंतर यंत्र एकही मत घेत नाही. नमुना १७-सी मध्ये कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक, मतदार नोंदवहीप्रमाणे आलेल्या मतदारांची संख्या, यंत्रात नोंदलेली एकूण मते आणि कागदी मोहोरांचे क्रमांक लिहिले जातात. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला पोच घेऊन त्याची खरी प्रत देणे केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. ती प्रत मागावी लागू नये. मिळाली नाही तर मात्र मागून घ्यावी आणि तिथून हलू नये. मी केंद्राध्यक्ष असताना एका वर्षी दोन प्रतिनिधी प्रत न घेताच निघून गेले होते. मी त्यांना शाळेच्या फाटकातून परत बोलावले, तेव्हा ते माझ्यावर थोडे चिडले होते.

मतमोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आले, की मतमोजणी प्रतिनिधीने आधी त्याचा क्रमांक आणि मोहोर पाहायची, मग एकूण मतांचा आकडा आपल्या १७-सी शी जुळवायचा, आणि त्यानंतरच उमेदवारनिहाय मते लिहून घ्यायची. यंत्र बदलले गेले असेल, मते वाढली किंवा कमी झाली असतील, अभिरूप मतदानाची मते पुसायची राहिली असतील, तर ते या जुळवणीत उघड होते. सर्व केंद्रांचे आकडे लिहिलेले असतील तर त्यांची बेरीज करून संकेतस्थळावरच्या निकालाशी ताडून पाहता येते. कुलूपकिल्ली यांनी युक्रेनचे जे सांगितले तसा प्रकार इथे कुणी करू पाहिला, तर घाटकोपरच्या शाखेतल्या एका वहीवरून तो खोटा ठरवता येईल. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि गिरगावकर म्हणतात तसे विशेष तांत्रिक ज्ञानही लागत नाही.

तुमचा कागद धुण्यात गेला याचे वाईट वाटून घेऊ नका; त्याचा उपयोग तुम्हाला कुणी सांगितला नाही ही चूक तुम्हाला तिथे बसवणाऱ्यांची आहे. पुढच्या वेळी मतदान केंद्रात मोबाईल नेता येणार नाही, म्हणून छायाचित्राच्या भरवशावर राहू नका. एक छोटी वही न्या. सकाळी अभिरूप मतदानानंतर तिन्ही भागांचे क्रमांक आणि मोहोरेचा क्रमांक स्वतःच्या हाताने त्यात लिहा, संध्याकाळी १७-सी वरच्या क्रमांकांशी ते जुळवा, आणि प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शाखेत पोच घेऊनच द्या.

प्रतिनिधी_घाटकोपर

वहीचे लक्षात ठेवतो. आमच्या वॉर्डात नऊ जण प्रतिनिधी म्हणून बसतात, त्यांना हा धागा दाखवून रविवारी शाखेत एकत्र बोलावतो आहे. १७-सी चा कोरा नमुना कुठे मिळाला तर तो भरून पाहण्याचा सराव आधीच करता येईल.

पाटीपेन्सिल (विक्रोळी)

कोरा नमुना केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षण पुस्तिकेत असतो. माझ्याकडे मागच्या वेळची मराठी प्रत आहे, रविवारी घेऊन येते. येताना त्या नऊ जणांनी आपापल्या यादी भागाचे क्रमांकही आणावेत, म्हणजे दुबार आणि स्थलांतरित नावांचेही त्याच बैठकीत पाहता येईल.